गावकऱ्यांच्या खोलीतला एक खिळा

आमच्या घराण्याच्या नावाचं एक सुवर्णपदक विद्यापीठात आहे. म्हणजे होतं. माझ्या आजोबांनी घरातले दागिने मोडून ते ठेवलं, तेव्हा ते खरोखर सोन्याचं होतं. पुढे व्याज पुरेना, म्हणून चांदीवर सोन्याचं पाणी आलं. मग चांदीही परवडेना. आता वनस्पतिशास्त्रात पहिल्या येणाऱ्या मुलाला एक जाड कागद मिळतो. पण कागदावर आजोबांचं पूर्ण नाव असतं! दरवर्षी पदवीदानाच्या आधी मी परीक्षा विभागात जाऊन ते नीट छापलंय ना, हे डोळ्यांत तेल घालून बघते. एकदा त्यांनी आडनाव गाळलं होतं, तर मी तिथल्या माणसाला असं झापलं की तो अजून मला बघितलं की जिन्याने खाली जातो.

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, बाई किती भली! छे. मी त्याच विद्यापीठात त्याच विषयाची प्राध्यापक, विभागप्रमुख, ठाकूरद्वारला जन्मले-वाढले आणि अजून तिथेच राहते. देणगी या प्रकरणातलं आपल्याला सगळं कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. विद्यापीठ सरकारच्या पैशावर चालतं असं लोकांना वाटतं. कप्पाळ! पगार सरकार देतं. पण वाचनालयाची जुनी कपाटं, प्रयोगशाळेतली सूक्ष्मदर्शकं, सभागृहातल्या खुर्च्या, गरीब मुलांच्या फिया, ह्यातलं कितीतरी कुणी ना कुणी खासगीत दिलेलं आहे. जिना चढताना वाचत चढा, प्रत्येक वळणावर एक संगमरवरी पाटी आणि प्रत्येक पाटीवर एक कैलासवासी.

तर गोष्ट माझ्या एका विद्यार्थिनीची. कोकणातल्या एका लहान गावातून आलेली, पीएचडी करणारी मुलगी. विषय, वडाळ्याच्या मिठागरांच्या कडेने खाऱ्या चिखलात वाढणारी झुडपं. भरती-ओहोटीप्रमाणे कधी पहाटे, कधी भर दुपारी तिला तिथे जाऊन मोजमापं घ्यावी लागत. पायाला चिखल, केसांना मिठाची पूड, आणि हातात वही. दोन वर्षांत तिचा एक दिवस चुकला नाही. अशी विद्यार्थिनी माझ्या सगळ्या नोकरीत मला दुसरी मिळाली नाही, हे मी तिच्या तोंडावर कधीच बोलले नाही. उगाच डोक्यावर बसतात.

ती लालबागला मावशीच्या घरी स्वयंपाकघरात झोपायची. मावशीच्या मुलाचं लग्न ठरलं आणि मावशीने रडत रडत सांगितलं, महिनाअखेरीपर्यंत दुसरीकडे बघ. आमच्या वसतिगृहाची प्रतीक्षायादी मारुतीच्या शेपटासारखी. भाड्याने राहायचं, तर फेलोशिप कधी येईल ते देवालाच ठाऊक. तिच्या वडिलांनी फोनवर एवढंच म्हटलं, "पुरे झालं, ये परत." ती एका दुपारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, नोंदी तुमच्याकडे ठेवू का? दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दुसऱ्या कुणाला म्हणजे? तुझ्या नोंदी त्या! एक वर्ष राहिलंय फक्त!" मी ओरडले. ती वही माझ्या टेबलावर ठेवून गेली.

दुसऱ्याच दिवशी मी एका बड्या देणगीदारांना गाठलं. त्यांनी आम्हाला नुकतंच एक वातानुकूलित सभागृह दिलं होतं. सज्जन गृहस्थ, चहा-बिस्किटं झाली. मी म्हटलं, मुलींच्या राहण्याचं काहीतरी करा. ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, मोऱ्या आणि संडासांना कोण हो घराण्याचं नाव देणार?" मला राग यायला हवा होता. आला नाही. कारण आमच्या घराण्यानेसुद्धा पदकच ठेवलं होतं, मोरी नव्हे.

मुलीकडून मग मला गावकऱ्यांच्या खोलीबद्दल कळलं. गिरणगावात ही जुनी रीत. कोकणातल्या एकेका गावातल्या गिरणी कामगारांनी मिळून लालबाग-परळच्या चाळीत एक खोली घेतलेली असायची. तिथे वीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीने झोपायचे. एक पाळी गिरणीत, दुसरी चटईवर. गावाहून नवा माणूस आला की त्याचं पहिलं घर ते. काम मिळेपर्यंत त्याच्याकडे कुणी काही मागायचं नाही. प्रत्येकाच्या मालकीची वस्तू दोनच, एक ट्रंक आणि भिंतीवरचा एक खिळा. कपडे, पिशवी, छत्री, सगळं त्या खिळ्यावर.

"माझ्या आजोबांचा खिळा होता तिथे," ती म्हणाली.

गिरण्या गेल्या, माणसं विरार-बदलापूरला गेली, चाळ पाडली गेली आणि तिच्या जागी टॉवर उभा राहिला. गावच्या मंडळाला त्या खोलीच्या बदल्यात सतराव्या मजल्यावर नवीन फ्लॅट मिळाला होता. तो विकून गावच्या देवळाला सभामंडप बांधायचा, असं घाटत होतं. मंडळाची बैठक येत्या रविवारी सकाळी तिथेच होती.

"मग तू जाऊन जागा माग!" मी म्हटलं.

"बायका कधी राहिल्या नाहीत मॅडम तिथे," ती म्हणाली. मग तिने मला तिथली पद्धत सांगितली. नवा माणूस आला की तो रिकाम्या खिळ्यावर आपली पिशवी अडकवतो. सगळे चहा पितात. कुणाची हरकत असेल तर तो उठतो आणि पिशवी काढून त्या माणसाच्या हातात देतो. चहा संपेपर्यंत पिशवी खिळ्यावर राहिली, तर तो माणूस खोलीतला झाला. कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, म्हणून ही सोय.

मी ऐकतच राहिले. आमच्या विद्यापीठात एका खुर्चीच्या मंजुरीला अकरा सह्या लागतात.

पण माझा स्वभाव! ऐकून गप्प बसेन तर मी कसली? मी ठरवलं, एका पिशवीवर काय भागायचं, अख्खा फ्लॅटच विद्यापीठाच्या मुलींसाठी मागायचा. आणि मागायला जायचं तर रिकाम्या हाताने नाही. देणगीदाराला काय हवं असतं? पाटी! मी मुलीला फोनवर विचारलं, मंडळात सगळ्यात वडील कोण? तिने एक नाव सांगितलं आणि म्हणाली, "आजोबांच्या बरोबरीचे ते. दोघं एकाच दिवशी गिरणीत लागले." तिचे आजोबा जाऊन दहा वर्षं झालेली. मी मनाशी धरून चालले की हेही गेलेले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाट्या कोरणारा एक कारागीर बसतो, त्याच्याकडे गेले. त्याने नाव लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "कै. ना?"

"हो," मी म्हटलं. देणगीची पाटी आणि जिवंत माणसाची? आमच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. त्यानेही नसावं. शनिवारी संध्याकाळी त्याने हातभर लांबीची सुंदर पाटी कोरून दिली. रविवारी सकाळी वर्तमानपत्रात गुंडाळून मी ती टॅक्सीत मांडीवर घेऊन लालबागला नेली. मुलगी खाली माझी वाट बघत उभी होती.

सतराव्या मजल्यावर दार उघडंच होतं. नवा गुळगुळीत फ्लॅट, आणि चटयांवर बसलेले पंधरा-सोळा पुरुष. बहुतेक म्हातारे. बिल्डरने भिंतीत खिळे ठोकायला मनाई केली होती, म्हणून त्यांनी एक लांबलचक लाकडी फळी दोन स्टुलांवर भिंतीला आडवी टेकवून ठेवली होती. चाळ पाडायच्या आधी प्रत्येकाने आपापला खिळा उपटून घेतला होता, आणि ते सगळे गंजलेले, वाकडे-तिकडे खिळे जुन्याच क्रमाने त्या फळीवर परत ठोकले होते. कुठे पिशवी होती, कुठे छत्री, काही रिकामे. मी पाटी हातात धरून त्या फळीकडे बघत राहिले. आमच्या जिन्यातल्या एवढ्या पाट्या वाचल्या, पण अशी छाती कधी भरून आली नव्हती. एकाही खिळ्याखाली नाव नव्हतं आणि तरी प्रत्येकाला प्रत्येकाचा माहीत होता.

मी आधी माझं भाषण केलं. विद्यापीठ, समाज, दातृत्व. दहा मिनिटं. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मग एका कोपऱ्यातला वाळकुडा म्हातारा म्हणाला, "बाई, तुमी दान दान म्हणतास. पण खोली आमची न्हय. आमच्या आदी होती, आमच्या मागसून ऱ्हवतली. दुसऱ्याची वस्तू आमी दान कशी करतलंव?"

म्हातारा मुलीकडे वळला. "तू गो कित्याक इलंस? पिशी लावूक? मगे लाव."

ती उठली. खांद्यावरची कापडी पिशवी तिने एका रिकाम्या खिळ्यावर अडकवली. तिच्या आजोबांचाच खिळा, त्यांनी सांगितलेला क्रम मोजून तिने बरोबर ओळखला. चहा आला. पेले वाटले गेले. मी पेला हातात धरून त्या पिशवीकडेच बघत बसले. तिच्या दोन वर्षांच्या नोंदी, मिठागरातल्या सगळ्या सकाळी आणि वडिलांचं ते "ये परत", सगळं त्या वाकड्या खिळ्यावर लोंबत होतं. ती पेला दोन्ही हातांनी धरून खाली बघत होती.

मंडळाचे सेक्रेटरी उठले. बँकेतून रिटायर झालेले, नीटनेटके गृहस्थ. त्यांनी हळूच पिशवी काढली आणि तिच्या हातात दिली.

"राग मानू नकोस बाळा," ते म्हणाले. "आजोबांचा खिळा तुझ्या चुलतभावाकडे गेला. तो राहत नाही, पण खिळा त्याचा. बाकीचे रिकामे दिसतात ना, तेही ज्याच्या त्याच्या घरातल्या मुलग्यांचे. एकही खिळा मोकळा नाही. नियम आहे."

ती "हो काका" म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून उठली. एवढंच. कसलं भांडण नाही, रडणं नाही. ती अशी शहाण्यासारखी उठली ना, त्यानेच माझं डोकं फिरलं.

"नियम?" मी ओरडले. "इथे राहायला एक माणूस येत नाही, आणि खिळा मोकळा नाही? मुलगी आहे म्हणून नको, असं सरळ बोला ना! आणि मी काही फुकट मागत नव्हते. हे बघा, तुमच्यातल्या सगळ्यात वडील माणसाच्या नावाची पाटी करून आणलीये. संगमरवरी! कायमची लागेल इथे!" असं म्हणत मी वर्तमानपत्र टराटरा फाडलं आणि पाटी सगळ्यांसमोर उभी धरली.

एकाच्या हातातला पेला बशीवर वाजला. सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं, मग त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याकडे, मग जमिनीकडे. मुलगी माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "मॅडम... ते हेच. आजोबांच्या बरोबरीचे."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं. आणि सतराव्या मजल्यावर तर धरणीही जवळ नाही. जिवंत माणसाला मी दगडावर मारून, वर त्याच्याच समोर नाचवत होते.

"काय लिवल्यानी? माका दिसणा नाय," म्हातारा म्हणाला.

कुणीच वाचेना. शेवटी मीच वाचलं. चोरासारखं, हळू आवाजात. पहिल्या 'कै.'पासून.

म्हाताऱ्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. पण तो हसत होता, खोकला येईपर्यंत हसत होता. खोकला थांबल्यावर तो भिंतीचा आधार घेत उठला आणि फळीपाशी गेला. डावीकडून तिसऱ्या खिळ्यावर त्याची स्वतःची पिशवी होती, जुनी, खाकी, गिरणीच्या कापडाची. ती त्याने काढली आणि काखेत मारली.

"ह्या बाईन माका मारल्यान," तो सगळ्यांना म्हणाला. "दगडार लिवन आणल्यान. मगे मी मेलंय. माझो खिळो रिकामो झालो. माका झील नाय, पुतणो नाय. तेवा माझो खिळो कोणाक देवचो, ता मी ठरवतलंय." आणि मुलीकडे बघून म्हणाला, "हय लाव गो बाये."

ती फळीपाशी गेली. दोनदा बंद निसटला. तिसऱ्यांदा पिशवी लागली.

"आता परत चाय करा," म्हातारा म्हणाला. "रीत म्हणजे रीत."

पुन्हा आधण ठेवलं गेलं. पुन्हा पेले भरले. तो दुसरा चहा मी कधीही विसरणार नाही. सोळा पुरुष, अर्ध्यांना गुडघे धरल्याशिवाय उठता येत नाही, फुंकर मारून मारून चहा पीत होते आणि कुणीही कुणाकडे बघत नव्हतं. सेक्रेटरी सगळ्यात सावकाश पीत होते. त्यांनी शेवटचा घोट घेतला आणि पेला चटईवर पालथा ठेवला. मग एकेक करून सगळ्यांनी ठेवले. पिशवी जागच्या जागी होती. मुलगी ओंजळीत तोंड घालून रडायला लागली आणि मीही, हो, मीसुद्धा, भर सभेत.

सभा संपल्यावर म्हाताऱ्याने मला विचारलं, "तुमच्या हय चेडवां खंयसून खंयसून येतत?"

मुली कुठून कुठून येतात, ते मी सांगितलं. गडचिरोली, बीड, पालघर, मेळघाट.

"म्हणजे सगळी भायरगावची," तो म्हणाला. "आमच्यासारकीच मां."

पुढच्या दोन बैठकांत ठराव झाला. देवळाचा सभामंडप बांधायचा राहिला आणि फ्लॅट विद्यापीठाच्या मुलींना राहायला मिळाला. आमच्या कार्यालयाच्या अर्जात 'देणगीदाराचे नाव' असा रकाना होता. सेक्रेटरींनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'देणगी नाही. खोली चालू ठेवली आहे.' कार्यालयाने दोनदा अर्ज परत पाठवला. तिसऱ्यांदा मी स्वतः घेऊन गेले, आणि मग काही तो परत आला नाही.

पाटीचं काय करायचं, असं मी म्हाताऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "उपडी घाला न्हाणीत. चेडवांका कपडे धुवूक बरी." तसंच केलं. माझ्या देणगीतली एवढीच वस्तू तिथे उपयोगी पडली. पदवीदानाच्या आधी आजोबांचं नाव तपासायला ह्या वर्षी मी गेले नाही. परीक्षा विभागातल्या त्या जिन्याने पळणाऱ्या माणसाला कुणीतरी सांगा.

मुलीने प्रबंध सादर केला तेव्हा तिची जायची वेळ आली. तिच्या जागी मेळघाटातली एक मुलगी यायची होती. रीत म्हणजे रीत, म्हणून सगळ्या मुली चटयांवर बसल्या, मला बोलावलं आणि म्हाताऱ्यालाही. एकटाच आला होता, बदलापूरहून. माझ्या विद्यार्थिनीने आपली पिशवी काढली, नवीने त्याच तिसऱ्या खिळ्यावर स्वतःची लावली आणि चहा आला. खिडकीतून लांबवर वडाळ्याच्या बाजूचा खाडीचा काठ दिसत होता. नवी मुलगी श्वास रोखून बसली होती.

म्हातारा माझ्या शेजारी होता. एका हातात चहाचा पेला, दुसऱ्या हाताने मांडीवरची ती खाकी पिशवी सावरत होता. चहा सांडेल म्हणून मी हात पुढे केला. "द्या इकडे, मी अडकवते."

"खंय अडकवतलात?" तो म्हणाला आणि नव्या मुलीच्या पिशवीकडे बघून हसला. मी फळीकडे बघितलं. वीस-पंचवीस खिळे होते, पण त्यातला त्याचा एकही नव्हता. चहा संपेपर्यंत त्याने पिशवी मांडीवरच धरली होती.